युनिट टेस्ट: सगळं हिरवं, तरी बग लाइव्ह जातो कसा?

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, वेब डेव्हलपमेंट करणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा प्रपंच.

सध्या माझ्याकडे आयता आलेला एक प्रकल्प आहे. मागे सर्व्हरवर नोड, पुढे ब्राउझरमध्ये रिअ‍ॅक्ट, आणि मध्ये नेहमीचीच ऑनलाइन खरेदी: कार्ट, कूपन, चेकआउट. युनिट टेस्टचं (कोडचा एकेक तुकडा सुटा तपासणाऱ्या टेस्ट) कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी चालल्या तो आकडा, ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये असं ग्राहकाच्या करारातच लिहिलंय. जातही नाही. सीआय (कोड टाकला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) कायम हिरवं, म्हणजे सगळ्या टेस्ट पास. तरी कूपनची सवलत चुकीची लागते अशा तक्रारी येतच असतात. म्हणून म्हटलं, आधी सवलतीच्या टेस्ट उघडून बघू.

चेकआउटच्या टेस्टमध्ये सवलत काढणारं फंक्शनच मॉक केलंय, म्हणजे त्याच्या जागी ठरलेलं उत्तर देणारं खोटं फंक्शन बसवलंय. मॉकला सांगितलंय, ९०० परत दे. मग चेकआउट चालवायचं आणि तपासायचं काय, तर रक्कम ९०० आली का! आपणच ठेवायचे आणि आपणच मोजून खूश व्हायचं. खऱ्या फंक्शनमधली वजाबाकी काढून टाकली तरी ही टेस्ट हिरवी राहते (करून बघितलं, राहिली). त्याच फाइलच्या तळाशी 'नीट चालतं' नावाची आणखी एक टेस्ट आहे. नीट काय चालतं ते नावावरून कळत नाही आणि आत बघूनही कळत नाही, कारण आत एकही अपेक्षा लिहिलेली नाही. फंक्शन बोलावलं, ते कोसळलं नाही, झाली पास. पण त्या निमित्ताने पन्नासेक ओळी 'चालल्या', म्हणून कव्हरेजच्या खात्यावर जमा.

तर प्रश्न असा की युनिट टेस्टमध्ये नेमकं काय तपासायचं आणि काय सोडून द्यायचं? मॉक कुठपर्यंत चालतं? आणि टेस्ट लिहायलाच इतकी कटकट होते की लोक असे शॉर्टकट घेतात, त्यावर काही उपाय आहे का? 'टीडीडी करा' (आधी टेस्ट, मग कोड) एवढंच उत्तर नको. ते सगळ्यांनी ऐकलंय.

---

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. 'नीट चालतं' आमच्याकडेही आहे. शिवाय 'नीट चालतं २' पण आहे.

---

जुनाजाणता

अर्धविराम, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोघांचं उत्तर त्यातच आहे.

टेस्ट लिहायला कटकट होते तेव्हा दोष बहुतेक वेळा टेस्टचा नसतो, ज्या कोडची टेस्ट लिहितोय त्याचा असतो. तुमचं ते सवलतीचं फंक्शन न बघता सांगतो, त्यात साधारण असं असणार: कूपनचा कोड घेतला, डेटाबेसमधून कूपन आणलं, आत्ताची वेळ विचारून मुदत तपासली, कार्टची बेरीज केली, सवलत काढली, 'कूपन वापरलं' अशी नोंद केली आणि जाता जाता एक ईमेल पाठवला. आता याची टेस्ट लिहायची तर डेटाबेस मॉक करा, घड्याळ मॉक करा, ईमेल मॉक करा. एवढं झाल्यावर माणूस थकतो आणि म्हणतो, जाऊ दे, अख्खं फंक्शनच मॉक करू.

यातला हिशेब वेगळा काढा. एक फंक्शन, त्याला द्यायच्या तीन गोष्टी: कार्ट, कूपन आणि 'आत्ता' किती वाजलेत ते. परत काय मिळणार, तर सवलतीची रक्कम किंवा नाकारण्याचं कारण. ते डेटाबेसला ओळखत नाही, घड्याळाकडे बघत नाही. बाहेरचं फंक्शन आणाआणीचं काम करेल आणि हिशेब याच्याकडून करून घेईल. आता टेस्टला एकही मॉक लागत नाही. तीन गोष्टी द्या, एक उत्तर बघा. अशा शंभर टेस्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत चालतात.

मग खरी मजा सुरू होते, ती सीमेवरच्या केसेसची. कूपनला किमान खरेदी १००० हवी आणि कार्ट बरोब्बर १००० चं आहे, तर? ९९९ ला काय? सवलत ३०० ची आणि कार्ट २०० चं, तर एकूण उणे १०० दाखवणार का? कार्ट रिकामं असेल तर? तेच कूपन दोनदा टाकलं तर? मुदत संपण्याच्या नेमक्या त्या क्षणी काय? बग बहुतेक इथेच राहतात. मधल्या सरळ रस्त्यावर फारसे सापडत नाहीत, कारण तिथून डेव्हलपर स्वतः रोज ये-जा करतो.

आणि पैसे दशांशात ठेवू नका हो. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ हे ०.३०००००००००००००००४ येतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण १.००५ ला टूफिक्स्ड वापरून दोन दशांशांपर्यंत आणलं की १.०१ नाही, १.०० येतं, हे बिल चुकल्यावरच कळतं. चलनाच्या सर्वांत लहान एककात पूर्णांक ठेवायचे, दशांशचिन्ह फक्त पडद्यावर दाखवताना लावायचं. टक्केवारीच्या सवलतीत पूर्णांकन कुठे आणि कसं करायचं ते एकाच ठिकाणी लिहायचं, आणि त्यावर टेस्ट ठेवायची.

टेस्टचं नाव म्हणजे एक पूर्ण वाक्य हवं. 'मुदत संपलेलं कूपन नाकारलं जातं', 'सवलत कार्टच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही'. जेस्टला किंवा व्हाइटेस्टला (टेस्ट चालवणारी हत्यारं) नाव म्हणजे साधी स्ट्रिंग, त्यामुळे टीमला चालत असेल तर मराठीतसुद्धा लिहा, काही बिघडत नाही. टेस्ट लाल झाली की आधी ते नाव दिसतं. नावावरूनच काय मोडलं ते कळलं पाहिजे, फाइल उघडायची वेळ येऊ नये.

---

नल_पॉइंटर

उलट्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं, म्हणून मी.

जुनाजाणता म्हणतात ते हिशेबाच्या कोडला ठीक आहे. पण वेबवर असा शुद्ध हिशेब असतो किती? आमचा नव्वद टक्के कोड म्हणजे एपीआयकडून (सर्व्हरकडे माहिती मागायचा दुवा) आणा, फॉर्ममध्ये दाखवा, परत पाठवा. त्यावर युनिट टेस्ट लिहिल्या की एका बटणाची जागा बदलली तरी डझनभर टेस्ट लाल होतात. त्या दुरुस्त करण्यात अर्धा दिवस जातो आणि त्यातून बग सापडतो शून्य. टाइपस्क्रिप्ट (टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, तपासणारं जावास्क्रिप्ट) कडक मोडमध्ये ठेवा, महत्त्वाच्या चार-पाच प्रवाहांवर प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवणारं हत्यार) एंड टू एंड, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या टेस्ट लिहा, विषय संपला. युनिट टेस्ट हे बऱ्याचदा मॅनेजरला दाखवायचं काम असतं. हलके घ्या.

---

रात्रपाळी

आता खरा धागा सुरू झाला. बसलो.

---

कंसातला

नल_पॉइंटर, हलकेच घेतलं, पण यात दोन वेगळे मुद्दे एकत्र झालेत.

टाइपस्क्रिप्टचं आधी. सवलत ही संख्या आहे एवढं टाइप सांगतो. ती बरोबर संख्या आहे का, ते सांगत नाही. वजाबाकीच्या जागी बेरीज केली तरी टाइपस्क्रिप्ट शांत असतं. आणि एपीआयकडून आलेला जेसन तुम्ही 'हा या टाइपचा आहे' असं म्हणून नुसता शिक्का मारून आत घेतलात, तर चालवताना ते कुणीही तपासत नाही. टाइपमुळे 'अनडिफाइन्डवर प्रॉपर्टी वाचली' छापाच्या टेस्ट लिहायची गरज उरत नाही हे खरं, आणि तो फायदा मोठा आहे. तेवढाच घ्या.

दुसरं, बटण हललं म्हणून टेस्ट लाल होत असतील तर त्या टेस्ट बटणाच्या जागेच्याच आहेत. 'तिसऱ्या डिव्हच्या आतलं दुसरं बटण', 'अमुक सीएसएस क्लासचा एलिमेंट', 'आतल्या स्टेटमध्ये (घटकाने लक्षात ठेवलेल्या माहितीत) इजओपन खरं आहे' अशा गोष्टी वापरणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. त्याला 'ऑर्डर करा' असं लिहिलेलं बटण दिसतं. रिअ‍ॅक्ट टेस्टिंग लायब्ररीत रोल (हे बटण आहे की दुवा, ही भूमिका) आणि लेबलवरून शोधायची सोय आहे ती याचसाठी. बटण पानावर कुठेही न्या, टेस्टला पत्ता लागत नाही. वर एक जोडफायदा: रोलवरून बटण सापडतच नसेल तर बहुधा तो क्लिक लावलेला नुसता डिव्ह आहे, आणि कीबोर्ड किंवा स्क्रीनरीडर वापरणाऱ्यालाही तो सापडत नसणार.

आतल्या रचनेला बांधलेल्या टेस्टचं काय होतं हे बघायचं तर एन्झाइम ही टेस्टची लायब्ररी आठवा. रिअ‍ॅक्टच्या जगात एकेकाळी तिचा बोलबाला होता, आणि लोक घटकाची आतली स्टेट काढून तपासायचे. २०१९ मध्ये रिअ‍ॅक्ट १६.८ बरोबर हुक्स आले, म्हणजे फंक्शनच्या घटकालाही स्टेट ठेवता येऊ लागली. क्लासचा घटक फंक्शनचा केला की पडद्यावर काडीचा फरक नाही, पण स्टेट विचारणारी टेस्ट मोडली, कारण ती सोय फक्त क्लासपुरती होती. पुढे रिअ‍ॅक्ट १८ साठी एन्झाइमचं अधिकृत अडॅप्टरच आलं नाही आणि टीमच्या टीम टेस्ट नव्याने लिहीत बसल्या. वागणूक तपासणाऱ्या टेस्ट असत्या तर त्यांना एवढा फटका बसला नसता.

स्नॅपशॉट टेस्टही त्यातल्याच. पाचशे ओळींचा एचटीएमएल साठवायचा, काहीतरी बदललं की ती लाल, मग न वाचता 'अपडेट'चा पर्याय देऊन हिरवी करायची. अशी टेस्ट ठेवण्यापेक्षा उडवलेली बरी. लहान, माणसाला वाचता येईल एवढ्या आउटपुटला स्नॅपशॉट ठीक आहे.

एंड टू एंड हवीच, वाद नाही. पण सवलतीच्या पंधरा सीमारेषा ब्राउझर उघडून तपासायला गेलात तर सीआय चालू करून झोपायला जाता येईल. शिवाय ती लाल झाल्यावर 'कुठेतरी काहीतरी मोडलंय' यापलीकडे फार काही कळत नाही. माइक कोन यांनी २००९ मध्ये तो टेस्टचा पिरॅमिड मांडला, खाली भरपूर युनिट, मध्ये थोड्या सर्व्हिस पातळीच्या, टोकाला मोजक्या यूआयच्या. नंतर लोकांनी त्याची ट्रॉफी केली, आणखी काय काय केलं. आकारावर भांडू नये. जो बग ज्या पातळीवर सगळ्यात स्वस्तात पकडता येतो, तिथे पकडावा.

---

पहिलीपायरी

इथे सगळे अनुभवी आहेत, त्यामुळे विचारायला संकोच वाटतोय. मी नुकतीच टेस्ट लिहायला शिकतेय. एपीआयकडून वापरकर्त्याचं नाव आणणारं एक फंक्शन आहे. मी प्रॉमिसच्या (नंतर येणाऱ्या उत्तराची हमी) 'देन'च्या आत, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागात, अपेक्षा लिहिली की नाव अमुक असावं. टेस्ट पास झाली. मग सहज म्हणून अपेक्षेत भलतंच नाव टाकलं, तरी पासच! काय चुकतंय?

---

जुनाजाणता

पहिलीपायरी, संकोच कशाला? भलतंच नाव टाकून बघितलंत ना, ते अनेक अनुभवी करत नाहीत.

होतंय असं की तुमचं टेस्टचं फंक्शन प्रॉमिस सुरू करतं आणि लगेच संपतं. टेस्ट रनर बघतो, फंक्शन संपलं, कुठे एरर आली नाही, म्हणजे पास. तुमची अपेक्षा तपासली जाते नंतर, तोवर निकाल लागून गेलेला असतो. टेस्टचं फंक्शन असिंक करा आणि आत अवेट लावा. किंवा ते प्रॉमिस रिटर्न करा, म्हणजे रनर त्यासाठी थांबेल. फॉरईचच्या आत असिंक फंक्शन दिलं की नेमकं हेच होतं. फॉरईच कुणासाठी थांबत नाही, तिथे साधं फॉर-ऑफ वापरा.

एरर येते का हे तपासताना तर जास्तच जपा. ट्राय-कॅच लावून कॅचमध्ये अपेक्षा लिहिली आणि एरर आलीच नाही, तर कॅचपर्यंत कुणी पोचतच नाही आणि टेस्ट हिरवी. जेस्टमध्ये रिजेक्ट्स वापरा, किंवा 'या टेस्टमध्ये अमुक इतक्या अपेक्षा तपासल्या गेल्याच पाहिजेत' असं वरती सांगता येतं. आणि ईएसलिंटला (कोड न चालवता चुका दाखवणारं हत्यार) टाइपस्क्रिप्टच्या प्लगइनमधला नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा नियम लावून टाका. विसरलेला अवेट तो टेस्टमध्येही पकडतो आणि मूळ कोडमध्येही.

धागाकर्त्यांनी टीडीडीवर बंदी घातलीय, म्हणून हळूच सांगतो: टेस्ट आधी लिहून लाल बघायची, यातला सगळ्यात उपयोगी भाग तो लाल बघणं आहे. टेस्ट आधी लिहा की नंतर, ती कधीतरी योग्य कारणासाठी लाल झालेली डोळ्यांनी बघितली नसेल तर ती काही तपासते यावर विश्वास ठेवू नये.

---

पहिलीपायरी

अवेट लावला, लगेच लाल झाली! इतका आनंद लाल रंगाचा कधी झाला नव्हता. धन्यवाद दादा.

---

गाळीव

तुम्ही सगळे सुखी जीव आहात. माझ्याकडे पीएचपी आहे, एकेक फाइल तीन हजार ओळींची. वर एसक्यूएल, मध्ये हिशेब, खाली एचटीएमएल, आणि सेशन सगळीकडे. 'हिशेब वेगळा काढा' म्हणता, पण काढताना काही मोडलं तर सांगायला टेस्ट नाही, आणि टेस्ट लिहायची तर आधी वेगळा काढायला हवा. आधी काय?

---

जुनाजाणता

गाळीव, हा पेच इतका जुना आहे की मायकेल फेदर्स यांनी २००४ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या लेखी लेगसी कोड म्हणजे ज्याला टेस्ट नाहीत तो कोड, मग तो काल लिहिलेला का असेना.

त्यांचा मार्ग असा: आधी बाहेरून आत्ताची वागणूक पकडून ठेवायची. तुमच्या पानाला ठरावीक इनपुट द्या, जो एचटीएमएल बाहेर पडतो तो जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवा. बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे तारीख, टोकन, आयडी, तेवढ्या आधी गोठवा किंवा पुसून टाका. हा आउटपुट बरोबर आहे का, हा प्रश्नच आत्ता विचारायचा नाही. त्यात बग असेल तर बगसकट साठवा. अशा पंधरा-वीस इनपुटचं कुंपण झालं की मग आतला एक हिशेब, फक्त एक, फंक्शनमध्ये काढा. आउटपुट अक्षरशः तोच आला तर पुढे चला. काढलेल्या फंक्शनला मात्र लगेच खऱ्या, नीट युनिट टेस्ट लिहा. बाहेरचं कुंपण तात्पुरतं, काम झालं की मोडायचं. (वर कंसातला यांनी मोठ्या स्नॅपशॉटला शिव्या घातल्यात. हा त्याचा एकमेव सन्माननीय उपयोग.)

सगळी फाइल साफ करायला बसू नका, वरिष्ठ वेळ देणार नाहीत आणि दिला तरी पुरणार नाही. जिथे बग आलाय किंवा जिथे नवीन काम करायचंय तेवढाच तुकडा घ्यायचा. बग आला की आधी तो दाखवणारी लाल टेस्ट, मग दुरुस्ती. ज्या कोडला कुणी हात लावत नाही आणि जो बिनतक्रार चालतोय, त्याला निजू द्या.

---

कंसातला

निजू द्या, पण मेलेला असेल तर पुरून टाका. 'वापरात नाही, पण असू दे' असा कोड ठेवण्याचा सगळ्यात महागडा धडा नाइट कॅपिटलचा. १ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतली ही शेअर व्यवहार करणारी कंपनी. त्यांच्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत 'पॉवर पेग' नावाची सुविधा २००३ पासून बंद होती, पण तिचा कोड काढलेला नव्हता. किती शेअर घेऊन झाले ते मोजून थांबवणारा भाग २००५ मध्ये तिथून हलवला गेला, पण त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासून बघितली गेली नाही. बंदच तर आहे! २०१२ च्या नव्या कामासाठी त्यांनी त्याच सुविधेचा जुना फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) परत वापरला. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एक राहिला. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, आणि त्या एका सर्व्हरवर जुनं भूत जागं होऊन न थांबता ऑर्डरी सोडत बसलं. ४५ मिनिटांत जवळपास ४४ कोटी डॉलरचं नुकसान.

यात युनिट टेस्टने सगळं वाचलं असतं असं मी म्हणत नाही, डिप्लॉयमेंटचा घोळ तर सरळ दिसतोय. पण मेलेला कोड गिटमध्ये (जुन्या आवृत्त्या जपणारं हत्यार) सुरक्षित असतो, फाइलमध्ये ठेवायचं कारण नाही. आणि जुन्या फ्लॅगला नवा अर्थ कधीही देऊ नये. नवा फ्लॅग फुकट असतो.

---

रात्रपाळी

४५ मिनिटं! आमच्याकडे तेवढ्यात बिल्डसुद्धा होत नाही.

गंमत सोडा, माझा खरा प्रश्न. आमच्या काही टेस्ट दिवसा पास आणि रात्री नापास होतात. रात्रपाळीला मीच असतो, त्यामुळे खापर माझ्यावर. सीआयवर 'री-रन' मारलं की कधी पास, कधी नाही.

---

कंसातला

रात्री म्हणजे नेमकी मध्यरात्रीच्या आसपास ना? मग वेळक्षेत्र बघा. जावास्क्रिप्टमध्ये '२०२४-०३-३१' अशी नुसती तारीख डेटला दिली की ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र धरली जाते. तीच पुढे वेळ जोडून, पण क्षेत्र न सांगता दिली की स्थानिक वेळ धरली जाते. तुमचा लॅपटॉप एका क्षेत्रात, सीआय बहुधा यूटीसीवर, आणि 'आज' दोघांचा वेगळा. महिन्यांचंही तसंच: ३१ जानेवारीच्या तारखेत सेटमंथ वापरून फेब्रुवारी केलात की २ किंवा ३ मार्च मिळतो. टेस्ट महिन्याच्या मध्यावर लिहिलेली असते, तेव्हा पास होते, आणि ३१ तारखेला कुणीतरी बिचारा रात्रपाळीवाला जागा होतो.

उपाय जुनाजाणता यांनी वर दिलाच आहे, 'आत्ता' बाहेरून द्यायचा. ते जमत नसेल तर जेस्ट आणि व्हाइटेस्ट दोन्हींत खोटं घड्याळ मिळतं. टेस्ट चालवताना वेळक्षेत्र ठरावीक ठेवा, आणि सीआयवर अधूनमधून दुसऱ्या क्षेत्रातही चालवून बघा.

मध्यरात्रीचा संबंध नसेल तर दुसरा संशयित म्हणजे टेस्टनी एकमेकींचं उष्टं खाणं. एक टेस्ट डेटाबेसमध्ये ओळ टाकते आणि पुसत नाही, दुसरी त्या ओळीवर जगते. क्रम उलटापालटा करून चालवायचा पर्याय असतो, तो लावा, चोर लगेच सापडेल. आणि 'री-रन' मारून पुढे जायची सवय टीमला लागू देऊ नका. एकदा लाल म्हणजे 'असंच होतं कधीकधी' असं झालं की खरा बग लाल दाखवत असतानाही कुणी ढुंकून बघत नाही. दुरुस्त होईपर्यंत ती टेस्ट बाजूला काढा, पण नावासकट यादीत ठेवा.

---

नल_पॉइंटर

मी माझा मुद्दा सोडलेला नाही, थोडा वाकवलाय इतकंच. एक नवीन काडी टाकतो: हल्ली टेस्ट एआयकडून लिहून घेता येतात. मिनिटभरात वीस टेस्ट, कव्हरेज ९० च्या वर. मग ही सगळी चर्चा कशाला?

---

जुनाजाणता

कारण त्या टेस्ट तो तुमच्या कोडकडे बघून लिहितो. 'जास्त'च्या जागी 'जास्त किंवा समान' हवं होतं आणि तुम्ही 'जास्त' लिहिलंत, तर तोही बरोब्बर १००० ला सवलत नाकारली जाते अशी सुबक टेस्ट लिहून देईल. म्हणजे बगला आता संरक्षण मिळालं. कोड काय करतो हे कोडला विचारू नये. काय करायला हवं ते ज्याला माहीत आहे त्याला विचारावं. एआयला गरज लिहून द्या आणि कोड दाखवू नका, मग कामाच्या टेस्ट येतात. टायपिंग त्याने करावं, अपेक्षित उत्तर तुम्ही ठरवावं.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सवलतीचा हिशेब वेगळा काढला. जुनाजाणता यांनी न बघता सांगितलेली रचना ईमेलसकट जशीच्या तशी निघाली, तेव्हा जरा दचकलोच.

मुदतीच्या टेस्ट लिहिताना तक्रारींचं मूळ सापडलं. '३१ तारखेपर्यंत वैध' असं कूपन डेटाबेसमध्ये ३१ तारखेच्या यूटीसी मध्यरात्रीची वेळ म्हणून ठेवलंय. म्हणजे शेवटचा दिवस उजाडतानाच कूपन मेलं. बघायला सोपं, पण 'मग अपेक्षित उत्तर काय?' हे टेस्टमध्ये लिहायला गेलो आणि अडलो. ३१ चा दिवस संपेपर्यंत, पण कुणाचा दिवस? दुकानाचा की खरेदी करणाऱ्याचा? प्रॉडक्टवाल्यांना विचारलं, त्यांच्यातही दोन मतं निघाली. ईमेल चालू आहेत.

आता पुढचं दुखणं. या ८० टक्क्यांचं करायचं काय? आकडा करारात आहे, काढता येत नाही.

---

कंसातला

काढू नका, शेजारी दुसरा ठेवा. आधी ओळींऐवजी शाखांचं कव्हरेज मोजा. एका ओळीतल्या इफच्या दोन्ही बाजूंनी कुणी गेलं का, हे ओळींच्या मोजणीत लपतं.

मग महत्त्वाच्या दोन-चार फाइलींवर म्युटेशन टेस्टिंग चालवा. जावास्क्रिप्टला स्ट्रायकर आहे, पीएचपीला इन्फेक्शन (गाळीव, तुमच्यासाठी). कल्पना १९७१ पासूनची आहे, रिचर्ड लिप्टन यांची. हत्यार तुमच्या कोडमध्ये मुद्दाम एकेक खोडी काढतं, 'जास्त'चं 'जास्त किंवा समान' करतं, बेरजेची वजाबाकी, खऱ्याचं खोटं, आणि दर वेळी टेस्ट चालवतं. टेस्ट लाल झाली तर खोडी मेली. हिरवीच राहिली तर खोडी जिवंत, म्हणजे तिथे तपासणी नाही. कधीकधी खोडीने वागणूक बदलतच नाही, त्या जिवंत खोड्या सोडून द्यायच्या. तुमची ती ९०० वाली टेस्ट यात पहिल्या फटक्यात उघडी पडेल. ग्राहकाला जिवंत खोड्यांची यादी दाखवा, टक्क्यांपेक्षा लवकर पटतं. वेळ खूप खातं, त्यामुळे सगळ्या प्रकल्पावर नको, आणि दर पुशला तर नकोच.

---

गाळीव

इन्फेक्शन बघतो. इथे इन्फेक्शनची कमतरता नाही, पण बघतो.

अवांतर: कुंपण घालताना एक भलताच बग सापडला. यादीत नाव लांब असेल तर कापून टिंबं लावणारं फंक्शन आहे. इंग्रजी नावांना ठीक, मराठी नावं मध्येच तुटून येतात.

---

कंसातला

पीएचपीत साधं सबएसटीआर असेल तर ते बाइट कापतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका कोडपॉइंटला (युनिकोडमधलं एक चिन्ह) तीन बाइट लागतात. एमबी वाली (बाइटऐवजी कोडपॉइंट मोजणारी) फंक्शनं वापरा, पण तेवढ्यानेही भागत नाही. 'स्त्री' हे डोळ्याला एक जोडाक्षर, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी असे सहा कोडपॉइंट. जावास्क्रिप्टमध्येही त्याची लेंग्थ सहाच. तीनवर कापलंत तर 'स्त' उरतं. चार जणांच्या कुटुंबाचा तो एक इमोजी तर लेंग्थमध्ये ११ भरतो. पीएचपीत ग्राफीम नावाने सुरू होणारी फंक्शनं आहेत, जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर. शक्य असेल तर कापायचं काम सीएसएसवर सोपवा. आणि अक्षरं हाताळणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या टेस्टमध्ये एक जोडाक्षर, एक इमोजी आणि एक रिकामी स्ट्रिंग कायमची ठेवा.

---

पहिलीपायरी

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. सुरुवात कशाने करू, जेस्ट की व्हाइटेस्ट? प्रत्येक व्हिडिओ वेगळं सांगतो.

---

नल_पॉइंटर

याचं उत्तर मी देतो, म्हणजे समेट झाला असं धरा. प्रकल्प व्हाइटवर (प्रकल्प बांधायचं हत्यार) असेल तर व्हाइटेस्ट, सेटिंग वेगळं लिहायला लागत नाही. प्रकल्पात आधीच जेस्ट असेल आणि कुरकुर नसेल तर जेस्ट राहू दे. ईएस मॉड्यूलची भांडणं सुरू झाली की बघू. दोघांची लिहायची पद्धत इतकी सारखी आहे की एक आलं की दुसरं आलंच. आणि नुसती नोडची छोटी लायब्ररी असेल तर काहीच टाकू नका, नोडमध्ये स्वतःचा टेस्ट रनर आहे. १८ मध्ये आला, २० पासून स्थिर आहे. व्हिडिओ बंद करा आणि तुमच्या नाव आणणाऱ्या फंक्शनला एपीआयने ५०० (सर्व्हरवरच्या बिघाडाचा कोड) दिला तर काय होतं, ती टेस्ट लिहा.

---

रात्रपाळी

मध्यरात्रच निघाली. वेळक्षेत्र ठरावीक केलं, दोन टेस्ट कायमच्या लाल झाल्या, आता त्या दिवसपाळीवाल्यांच्या नावावर टाकल्यात.

प्लेराइट विरुद्ध सायप्रस (तसंच दुसरं हत्यार) यावर कुणीतरी वेगळा धागा काढा. इथे नको.